मास्तरणीचा मागचा डावा

३ नोव्हेंबर

चि. ठिणगीस,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण ऐक.

इथल्या स्वारीशाळेत माझी मास्तरीण कोंडून ठेवली आहे. तुला ती आठवत असेल: तांबूस घोडी, कपाळावर पांढरा टिपका आणि नजर अशी, की समोरच्याने गृहपाठ केलेला नाही हे तिला आधीच ठाऊक. कितीतरी नवख्यांना तिने खोगिरावर बसायला शिकवलं, म्हणून तिचं नाव मास्तरीण. मी जन्मभर पोरांना भाषा शिकवली आणि निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी तिच्या पाठीवर असतो. तुझी मामी म्हणायची, "एका घरात दोन मास्तर नकोत म्हणून देवाने एकाला तबेल्यात ठेवलंय. कोणाला, ते मला विचारू नका."

तर मास्तरीण लंगडते. दुडकी चालीत डोकं वरखाली होतं. पुढचा डावा पाय टेकला की मान वर, पुढचा उजवा टेकला की मान खाली. त्यावरून सगळ्यांनी ठरवलं, दुखणं पुढच्या डाव्यात. शाळेच्या डॉक्टरांनी पाहिलं, मीही पाहिलं, आंधळ्यालाही दिसेल असं आहे. नालबंदाने नाल काढला, खूर खरवडला, शेक दिला, पट्ट्या बांधल्या. आत ना पू ना खिळा. मग डॉक्टर म्हणाले, बंद ठेवा, आराम द्या. आरामाने ती आणखी बिघडली. आता खोलीतून बाहेर काढली की लाकडी खुर्ची चालल्यासारखी चालते.

आणि आमचे सेक्रेटरीसाहेब! फेब्रुवारीअखेर शाळेच्या मंडळाची पाहणी आहे. जे जनावर त्या दिवशी सरळ दौडणार नाही ते शाळेत राहणार नाही. वीटभट्टीवाला गाडीला जुंपायला घेऊन जाणार, बोलणं झालंय म्हणे. मी म्हटलं, "माझ्या डोळ्यांदेखत ती विटा ओढणार नाही." ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही तेव्हा डोळे मिटा." या माणसाला मी काय वाटलो?

आणखी एक गाऱ्हाणं आहे, ते डॉक्टरकीचं नाही. दुडकीत स्वार एका ठोक्याला उठतो, एका ठोक्याला बसतो. बूड खोगिराला टेकलं की माझी ओळ सुरू होते. शाळेत पाठ केलेल्या सगळ्या कविता मी अशाच म्हणतो. पादाकुलक वृत्त तर दुडकीसाठीच जन्मलंय. आमचे कवितेचे गुरुजी बाकावर रूळ आपटून मात्रा मोजून घ्यायचे. त्या वर्गात दुपारचं ऊन फळ्यावर तिरपं पडायचं, खडूची पूड त्या उन्हात तरंगायची, आणि आम्ही चाळीस जण एका सुरात... असो. या घोडीने गेलं वर्षभर, लंगडायच्याही आधीपासून, माझ्या कवितेचा खेळखंडोबा मांडलाय. ओळीच्या मध्येच कंबरेने असा हिसका देते की मी उलट्या ठोक्यावर जाऊन बसतो. मी परत माझ्या ठोक्यावर येतो, ती परत हिसका देते. म्हातारपणी हट्टी झाली आहे. हट्टाची मला अडचण नाही, मीही कमी नाही; पण ओळीत एक मात्रा जास्तीची येते, त्याचं काय करू?

तू घोड्यांची डॉक्टर. रजा काढ आणि ये.

तुझा मामा


१२ नोव्हेंबर

ती. मामा,

येणं जमणार नाही. कामं आहेत. कारणं विचारू नकोस.

तुझं पहिलं गाऱ्हाणं एकदा वाचलं, दुसरं चारदा. आता नीट सांग, कविता बाजूला ठेवून. ती हिसका देऊन तुला ज्या ठोक्यावर बसवते, त्या वेळी तिचा कोणता पुढचा पाय जमिनीवर असतो? डावा की उजवा? आणि तुला आवडणारा ठोका कोणता? आठवत असेल तर लिही, नसेल तर स्पष्ट "आठवत नाही" असं लिही. सुंदर वाक्याने भोक बुजवू नकोस.

मागच्या पायांच्या नालांकडे कोणी पाहिलं का?

तिच्यावर बसू नकोस. डॉक्टरांनी बंद ठेवलंय तोवर त्यांचा शब्द.

ठिणगी


१९ नोव्हेंबर

चि. ठिणगीस,

"कामं आहेत"! लहानपणी माझ्या पाठीवर बसून "हट् घोड्या" करणारी तूच ना? तेव्हा तुला कामं नव्हती. मोठ्या दवाखान्यात गेल्यापासून तुझं अक्षरही बदललं, आधी ताठ होतं, आता सगळं डावीकडे कललंय. पलंगावर लोळून मामाला पत्र लिहितेस काय? असू दे. मोठी माणसं झालात तुम्ही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आठवायची गरज नाही, वर्षभर या एका गोष्टीवरून आमची रोज हमरीतुमरी चालली आहे. माझा ठोका असा: पुढचा उजवा जमिनीवर, तेव्हा मी खाली. तिचा ठोका: पुढचा डावा जमिनीवर, तेव्हा मी खाली. मला डाव्यावर बसवल्याशिवाय तिला चैन पडत नाही. एकदा का डाव्यावर बसलो, की बाई खूश, कान पुढे, दुडकी लोण्यासारखी.

नालांचं तबेल्यातल्या मोतद्दाराला विचारलं. तो म्हणाला, मागच्या डाव्याचा नाल टोकाशी झिजून पातळ झालाय, घोडी आळसाने पाय घासत चालते. आणि तोच पाय नालबंदाला उचलून द्यायला कुरकुर करते. "वय झालं की सगळेच कुरकुर करतात, मास्तर," असं माझ्याकडे बघून म्हणाला. मी त्याला म्हटलं, बाबा रे, तू तरी सेक्रेटरी होऊ नकोस.

सेक्रेटरीसाहेब काल तिच्या खोलीची मापं घेऊन गेले. नवा घोडा येणार म्हणे. मी दारातच स्टूल टाकून बसलो. त्यांना माझ्या गुडघ्यांवरून टेप न्यावी लागली.

मामा


२७ नोव्हेंबर

मामा,

तुझ्या स्टुलाला माझा नमस्कार सांग.

आता हे पत्र दोनदा वाच आणि मग डॉक्टरांकडे घेऊन जा.

दुखऱ्या पायावर कोणी ओझं मागून घेतं का? पुढचा डावा दुखत असता, तर तिने तुला त्याच्यावरून उठवलं असतं. ती तर भांडून तुला त्यावर बसवून घेते. वर्षभर ती ओरडून सांगते आहे की हा पाय ठीक आहे, आणि तुम्ही सगळे त्याच पायाला शेक देताय.

दुडकीत पाय तिरपे जोडीने पडतात: पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, पुढचा उजवा आणि मागचा डावा एकदम. तिला नको आहे ती दुसरी जोडी, म्हणजेच तुझा लाडका ठोका. त्या जोडीत दुखतंय कोण? मागचा डावा टेकायची वेळ आली की ती मान खाली टाकते, भार पुढे ढकलते, मागची बाजू हलकी करते. त्याच क्षणी पुढचा उजवा खाली असतो. बघणाऱ्याला वाटतं, उजव्यावर जोर देते, अर्थात डावा दुखतोय. मागच्या पायाचं दुखणं अशा रीतीने पुढच्या पायाचं सोंग घेतं. यात भलेभले फसतात. मी शिकत असताना फसले आहे, भर वर्गात. तुमच्या डॉक्टरांवर हसू नकोस.

त्यांना इतकंच सांग: डोक्याकडे बघू नका, मागे उभे राहा. कमरेमागच्या दोन्ही पुठ्ठ्यांच्या हाडांवर चुन्याचा एकेक ठिपका द्या आणि घोडी सरळ रेषेत दूर दौडवा. ज्या बाजूचा ठिपका जास्त वरखाली होतो, पाय त्या बाजूचा. मग मागचा पाय वर दुमडून धरायचा, मिनिटभर, आणि सोडल्या सोडल्या दौडवायचं. त्यात लंगडणं वाढलं तर सांधा बोलला. मग खालून वर एकेक जागा बधिर करत जायचं. जिथे बधिर केल्यावर ती सरळ चालेल, तिथे एक्स-रे. हे सगळं त्यांनीच करायचं आहे. पत्रातून निदान होत नाही, पत्रातून फक्त संशय घेता येतो.

आता अक्षराचं. पलंगावर लोळूनच लिहिते आहे. मागच्या महिन्यात एका तरण्या घोड्याने लाथ घातली, गुडघ्याखालचं हाड मोडलं, पाय प्लास्टरमध्ये आहे. आईला कळवलं नाही, तूही कळवू नकोस. तिला कळलं तर ती इथे येऊन बसेल आणि म्हणेल, "आता कुत्री-मांजरी बघ, घोडे पुरे." दवाखान्यातले सगळे तेच म्हणताहेत. माझ्या जागी नवा मुलगा घेतलाय. म्हणूनच तुला लिहिलं, कारणं विचारू नकोस.

मी घोडेच बघणार आहे. आशीर्वाद शेवटी देतो म्हणाला होतास, तो राहिलाय.

ठिणगी


८ डिसेंबर

माझ्या ठिणगे,

आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद. आणि त्या लाथेला माझी लाथ. तुझ्या आईला कळवलं नाही, पण ती काल फोनवर म्हणाली, "पोरीचं काहीतरी बिनसलंय, पत्रात एकही चूक नाही, फार जपून लिहिलंय." माझी बहीण आहे ती, फार दिवस फसणार नाही.

मी तुला "मोठी माणसं" म्हटलं, ते शब्द परत घेतो. बाकीचे ठेवतो.

आता डॉक्टर. मी पत्र पुढे केलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"मास्तर, तुमच्या भाचीने घोडी पाहिली?"

"नाही."

"आणि निदान केलं?"

"नाही, संशय घेतलाय. निदान तुम्ही करायचं आहे, असं तिने दोनदा बजावलंय."

"आणि मी केलेलं निदान?"

"ते मीही केलं होतं, डॉक्टर. आपण दोघेही तिच्या तोंडाकडे बघत बसलो. बायकांशी बोलताना करायची ती गोष्ट घोडीच्या बाबतीत चुकली."

हसले नाहीत. पण मोतद्दाराला म्हणाले, "काढ रे बाहेर." चुना नव्हता, कुंपण रंगवायचा पांढरा रंग होता, त्याचेच दोन ठिपके दिले. डॉक्टर मागे उकिडवे बसले. घोडी दूर गेली, आली, पुन्हा गेली. डावा ठिपका पाण्यावरच्या बुचासारखा उड्या मारत होता, उजवा आपला शांत. मग डॉक्टरांनी स्वतः जाऊन तो मागचा डावा दुमडून पोटाशी धरला, चांगला घाम फुटेस्तोवर, आणि ओरडले, "दौडव!" अगं, मास्तरीण पहिली चार पावलं तीन पायांवर गेली. डॉक्टर जमिनीवर बसूनच राहिले आणि स्वतःला एक शिवी दिली. शिवी चांगली होती, पण माझ्या लेखणीतून उतरत नाही.

पुढचं त्यांनी एकट्याने, हट्टाला पेटून केलं. बधिर करत करत वर गेले. त्या मोठ्या सांध्यापाशी, आपल्याला उलटा गुडघा वाटतो पण जो खरं तर तिचा घोटा आहे, तिथे सुई दिली आणि थोड्या वेळाने घोडी सरळ दौडली. सरळ, ठिणगे! मोतद्दार टाळ्या वाजवायला लागला. एक्स-रेमध्ये त्या सांध्याच्या खालच्या छोट्या फटी बुजत आल्यात, कडा खडबडीत झाल्यात. संधिवात. डॉक्टर म्हणाले, "भाचीला विचारा, सांध्यात इंजेक्शन देऊन कामाला लावावी असं मला वाटतं, तिचं काय मत?" ऐकलंस? मत मागितलंय.

सेक्रेटरीसाहेबांचं मत कोणी मागितलं नव्हतं, तरी आलं: "म्हणजे आता एकाऐवजी दुसरा पाय. मास्तर, अजून दोन शिल्लक आहेत."

मामा


१५ डिसेंबर

मामा,

डॉक्टरांना सांग, माझं मत त्यांच्यासारखंच. आणि स्वतःला शिवी देणारा डॉक्टर मला आवडला.

इंजेक्शननंतर थोडे दिवस शांत, मग रोज काम. रोज. तिला खोलीत उभं ठेवणं हा उपचार नाही, ती शिक्षा आहे. आधी भरपूर साधी चाल, सांधे ऊन होईपर्यंत, मग सरळ रेषेत दुडकी. छोटी वर्तुळं नाहीत, उड्या नाहीत, उतारावर पळवणं नाही. नालबंदाला सांग, मागच्या नालाचं टोक गोल करून दे, म्हणजे पाय सहज उलटेल. उरलेला वेळ मोकळ्या मैदानात सोडायचं.

खोटी आशा देत नाही. तो सांधा पुन्हा कोवळा होणार नाही. पण खालच्या त्या फटी मुळातच फारशा हलत नाहीत. पूर्ण जुळून एक हाड झाल्या की दुखणं बहुतेक थांबतं. तोवर तिला हलतं ठेवायचं. ती उड्या मारणारी घोडी राहणार नाही, शिकवणारी राहील. वीटभट्टीची गाडी तर मुळीच नाही. ओढण्याचा सगळा जोर मागच्या पायांवर येतो, तिथे ती महिन्याभरात मोडेल. हे सेक्रेटरींना माझ्या नावाने सांग.

आणि तुझा लाडका ठोका अर्धा वेळ सोड. दोन्ही ठोक्यांवर सारखा बस. कविता मोडली तर मोडू दे.

आईने फोन केला होता. तू काही बोलला नाहीस, हे तिच्या बोलण्यावरून कळलं. तिने स्वतःच ओळखलं. येणार आहे. येऊ दे. भांडायला कोणीतरी हवंच होतं.

ठिणगी


१ मार्च

चि. ठिणगीस,

मधे पत्र नाही, कारण रोजचं काम. सकाळी घोडी, दुपारी झोप, संध्याकाळी परत घोडी चालवत नेणं. सूनबाई म्हणते, "बाबा, औषध कोणाला चालू आहे?" तुझी काठी सुटली आणि तू तबेल्यात गेलीस हे तुझ्या आईने रडत रडत सांगितलं. त्या रडण्यात कौतुक किती होतं आणि राग किती, हे मला भाऊ असूनही कळलं नाही.

काल पाहणी झाली. आता सगळं लिहितो.

मंडळी खुर्च्यांवर. कुंपणापाशी वीटभट्टीवाला, हातात दोर. मास्तरणीला मोतद्दाराने दौडवलं, गेली, आली. पहिल्या फेरीत किंचित ताठ, दुसरीत सुटली, तिसरीत, मी शपथेवर सांगतो, तिने खुर्च्यांसमोर शेपूट उडवली. मी वर बसलो. अर्धं मैदान एका ठोक्यावर, अर्धं दुसऱ्यावर. एकदाही हिसका नाही.

सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "छान. पण कागदावर लंगडी असंच लिहिलंय आणि वय तर कमी होत नाही. निर्णय झालेला आहे."

तेव्हा डॉक्टर उठले. भरल्या मंडळासमोर म्हणाले, "तो कागद माझा आहे. तो चुकीचा आहे. मी पुढच्या पायावर उपचार केले, दुखत होता मागचा. माझ्या चुकीसाठी घोडीला हाकलायचं असेल, तर आधी मला हाकला." आणि बसले. ठिणगे, मी त्या माणसाच्या पाया पडलो असतो, पण वाकलो की उठायला वेळ लागतो आणि ती वेळ उभं राहण्याची होती.

सेक्रेटरी म्हणाले, "मास्तर बसले म्हणून चालली. ते तिला ओळखतात. नवख्याला घेऊन चालेल का?"

मी म्हटलं, "बघू या की. नवखा कोण आहे इथे?"

सगळं मंडळ एकाच दिशेला बघू लागलं. तुला सांगतो, इतकी वर्षं स्वारीशाळेचं दप्तर सांभाळणारा हा माणूस एकदाही घोड्यावर बसलेला नाही. मला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही माहीत होतं की सगळ्यांना माहीत आहे.

"माझे बूट नाहीत," ते म्हणाले.

"माझे घ्या," डॉक्टर म्हणाले आणि तिथेच काढायला लागले.

"हा पोरखेळ आहे."

"खरंय. म्हणूनच पोरं रोज करतात," मी म्हटलं. "बसा. तिच्या पाठीवर बसून ठरवा. तिथून जे ठरवाल ते मी मान्य करीन आणि दोर माझ्या हाताने बांधीन." हे बोललो खरा, पण मास्तरणीवर माझा जितका विश्वास होता, तितका त्या माणसाच्या तोलावर नव्हता. तो पडला असता तर तीही गेली असती.

त्यांना दोघांनी वर ढकललं. खोगिराची कड दोन्ही हातांनी धरून ते बसले, चेहरा लिंबासारखा. मी लगाम धरला नाही, बाजूने चालत राहिलो. मास्तरणीने कान मागे करून वरच्या ओझ्याचा अंदाज घेतला आणि निघाली, पाण्याने भरलेली घागर न्यावी तशी. एक फेरी साधी चाल. मग मी जीभ टाळूला लावून चक् केलं आणि ती दुडकीला लागली. साहेब एकीकडे झुकले की ती त्याच अंगाला सरकून त्यांच्या तोलाखाली यायची. पुन्हा झुकले, पुन्हा सरकली. दुखऱ्या अंगालासुद्धा सरकली. वर्षभर माझ्याशी एका ठोक्यासाठी भांडली ती बाई, नवखा वर बसल्यावर एक शब्द बोलली नाही. कोणाला काय शिकवायचं, तिला कळतं.

खुर्च्यांसमोर आली आणि आपणहून थांबली. वीटभट्टीवाल्याने दोर खांद्यावर टाकला आणि फाटकाकडे चालायला लागला. सेक्रेटरींनी काही म्हणायची त्याने वाटच पाहिली नाही.

साहेब मात्र वरच होते. केस विस्कटलेले, एक बूट रिकिबीत अडकलेला. बराच वेळ मैदान बघत बसले, तिथून ते वेगळं दिसतं. मग मंडळाला म्हणाले, "राहू दे तिला," आणि मला हळूच, कोणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "मास्तर, उतरायचं कसं?"

मी म्हटलं, "इतक्यात नाही. तिचं आजचं काम अजून संपलेलं नाही."

तुझा मामा